पाचगणीचा पाऊस आणि सशाची बेगमी

वाई सोडून एस.टी. पसरणीच्या घाटाला लागली, की खिडकीतून येणारा वारा बदलतो. खाली कृष्णेचे खोरे, धोमच्या धरणाचे पाणी, उसाचे आणि हळदीचे चौकोन लहान लहान होत जातात आणि बारा-तेरा किलोमीटरच्या चढणीनंतर दांडेघरच्या वळणावर सिल्व्हर ओकची उंच झाडे दिसू लागतात. आपण समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांच्या वर आलेलो असतो. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधला हा डोंगरमाथा म्हणजे पाचगणी.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाचगणी पाहिली असेल ती उन्हाळ्यात किंवा दिवाळीच्या सुटीत. टेबललँडवर मुलांना घोड्यावर बसवले असेल, स्ट्रॉबेरी खाल्ली असेल, गाजरांची जुडी घेऊन घरी परतला असाल. मी मात्र तुम्हाला आज पावसाळ्यातल्या पाचगणीला नेणार आहे. तेही टेबललँडवर नव्हे, तर एका साध्या घराच्या माळ्यावर. त्या माळ्यावर सशांची वैरण ठेवलेली आहे. ती नीट कशी ठेवावी हे शिकायला मला, कृषी पदवीधर असून आणि विस्तार खात्यात उभी हयात घालवून, एक पावसाळा लागला. शिवाय एका लहान मुलीचा ससा त्यात गेला. म्हणून हा लेख.

कोरडी हवा, पण आठच महिने

पाचगणीचे नाव झाले ते तिच्या हवेमुळे. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने येथे वसाहत केली, परदेशी झाडे लावली. पुढे शाळा आल्या. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी येथे आरोग्यधाम उभारले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उंचावरची कोरडी, स्वच्छ हवा हाच मोठा आधार होता.

या कोरडेपणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पश्चिमेकडून येणारे ढग आधी महाबळेश्वरच्या कड्यांना धडकतात आणि आपला बहुतेक भार तेथेच रिकामा करतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणी तेथून अवघी अठरा-एकोणीस किलोमीटर पूर्वेला, पण तिच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस येतो. म्हणून पाचगणीकर अभिमानाने सांगतात, "आमच्याकडे महाबळेश्वरासारखी ओल नाही."

हे खरे, पण अर्धेच खरे. मृग लागला की येथेही धुके घरात शिरते. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मीठ बरणीत पाझरते, पापड सादळतात, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी चढते. घरे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असल्याने भिंत पाणी पिते आणि ते सावकाश घरात सोडते. महाबळेश्वरला तर पूर्वी पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना बाहेरून गवताचे तट्टे बांधीत, ते याच ओलीपायी.

अशा हवेत माणूस आपली बेगमी जपून करतो. लाकूडफाटा, कांदे, डाळी, मसाला सगळे अक्षय्य तृतीयेपासून भरायला लागते. पण घरात पाळलेल्या सशाची बेगमी? ती कोणाच्या ध्यानात येत नाही. गवत काय, कोठेही मिळते, असे आपल्याला वाटते.

माझी चूक

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोडवलीच्या अंगाला राहणारे एक शिक्षक माझ्या ओळखीचे. त्यांच्या धाकट्या मुलीला मामाने पांढऱ्या सशांची जोडी आणून दिली होती. मे महिन्याच्या शेवटी स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो, तेव्हा चहाला थांबलो. वहिनींनी विचारले, "भाऊजी, पावसाळ्यात यांच्या गवताचं काय करायचं? ओलं होईल ना?"

मी शेतीचा माणूस. पावसापासून माल वाचवायचा म्हणजे पाणी आत जाऊ द्यायचे नाही, एवढे माझे गणित. मी म्हणालो, "प्लॅस्टिकची पोती घ्या, गवत दाबून भरा, तोंड सुतळीनं घट्ट बांधा आणि ठेवा भिंतीला लावून. पाण्याचा थेंब आत जाणार नाही." त्यांनी तसेच केले. एका पोत्यात गवत, दुसऱ्यात लाकडाचा भुसा, शेजारी कोंड्याची आणि खाद्याची पिशवी. सगळे एका कोपऱ्यात.

श्रावणात फोन आला, तेव्हा एक ससा गेला होता. दुसरा कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता, खात नव्हता. मी दुसऱ्या दिवशी वर गेलो. पोत्याचे तोंड सोडले आणि आत कोपरापर्यंत हात घातला. गवत मधोमध कोमट लागले. मूठभर बाहेर काढून उजेडाकडे झटकले, तर धुरासारखी भुकटी उडाली. ती बुरशी होती. पाण्याचा थेंब बाहेरून आत गेला नव्हताच. वळवाची एक सर खाल्लेल्या गवतात तो आधीपासून होता आणि मी त्याला बाहेर पडायची वाट ठेवली नव्हती.

मुलगी दाराशी उभी होती. तिने मला एवढेच विचारले, "काका, तुम्हीच सांगितलं होतं ना तसं भरायला?"

मी "हो" म्हणालो. दुसरे काय म्हणणार? दुसरा ससा पशुवैद्यकांच्या उपचाराने वाचला. पण तो प्रश्न घेऊन मी घाट उतरलो.

घोडेवाल्याचा धडा

उतरण्यापूर्वी टेबललँडच्या वाटेवर एका म्हाताऱ्या घोडेवाल्याच्या छपरात पावसासाठी थांबलो होतो. हंगाम नसल्याने घोडी छपराखाली उभी होती. गवत फळ्यांच्या माचावर रचलेले, भिंतीपासून हातभर सुटे, वर गोणपाट. मी सहज सशाची हकीकत सांगितली. म्हातारा म्हणाला, "सायेब, तुमी बैलाचं गणित लावलंसा. बैल थोडं कुबाट खाईल, रवंथ करील, पचवील. घोड्याला त्ये जमत न्हाई. घोड्याला उलटी हुत न्हाई. एक डाव प्वाटात गेलं, की गेलं. तुमचा ससा घोड्याच्या जातीचा, बैलाच्या न्हाई."

वाचकहो, कॉलेजात पशुविज्ञानाच्या तासाला मी हेच शिकलो होतो, पण ते असे अंगाला लागले नव्हते. गाय, बैल, म्हैस यांचे पोट चार कप्प्यांचे. खाल्लेली वैरण आधी पहिल्या मोठ्या कप्प्यात जाते, तेथे असंख्य सूक्ष्म जीव तिच्यावर काम करतात, आणि काही अपायकारक द्रव्यांचा जोर तेथेच थोडाफार मोडतो. घोडा आणि ससा यांचे पोट साधे, एका कप्प्याचे. त्यांच्याकडे हे आंबवण्याचे काम पोटाच्या पुढे, मोठ्या आतड्याजवळच्या एका पिशवीत होते. म्हणजे विष आधी अंगात भिनते, मग ते सूक्ष्म जीवांपर्यंत पोचते. शिवाय घोडा काय, ससा काय, दोघांनाही उलटी करता येत नाही.

आपण शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळत आलो. कडब्याला जरा काळी आली, तर चार पेंढ्या बाजूला टाकतो आणि बाकीचा घालतो. बैल वाईट तेवढे हुंगून बाजूला सारतो. (तेही बरे नव्हेच. पण निभावते.) हीच सवय आपण सशाच्या बाबतीत लावतो आणि फसतो. सशाची वैरण घोड्याच्या वैरणीसारखी जपावी. त्या दिवशी छपरात मिळालेला हा धडा लक्षात ठेवलात, तर पुढचे नियम तुमचे तुम्हालाच सुचतील.

बुरशी डोळ्यांना दिसते तेवढीच वाईट असते असेही नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने लाखभर टर्की पक्षी दगावले, तेव्हा अफ्लाटॉक्सिन हे विष प्रथम उजेडात आले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. तेही हेच विष. या विषाला फार लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत सशाची गणना होते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : उन्हात घातल्याने बुरशी वाळते, विष जात नाही. म्हणून कुबट गवत वाळवून पुन्हा घालण्याचा मोह धरू नका. ते थेट खताच्या खड्ड्यात टाका.

तीन वस्तू, तीन स्वभाव

पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी मुद्दाम पुन्हा वर गेलो. शिक्षक, वहिनी, ती मुलगी आणि मी, असे चौघांनी मिळून त्या घरचा माळा लावला. जे केले ते असे.

पहिली वस्तू गवत. सशाच्या आहारात सगळ्यांत मोठा वाटा वाळल्या गवताचा असायला हवा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजतात गवत चावूनच. आतडे चालू राहते तेही गवताच्या काडीने. दोन किलो वजनाच्या सशाला, सांडलवंड धरून, दिवसाला सुमारे १०० ग्रॅम गवत लागते. मृगापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे नवे गवत कापून वाळेपर्यंत, जवळजवळ पाच महिने जातात. म्हणजे एका सशामागे १५ किलो चांगले गवत घरात हवे. दोन ससे असतील तर ३०. एवढे गवत खरोखर किती जागा व्यापते हे एकदा रचून पाहा, म्हणजे मे महिन्यातच जागेची सोय होईल.

गवत निवडताना डोंगरउतारावरचे, फुलोऱ्याच्या आसपास कापलेले, हिरवट रंग टिकलेले घ्यावे. मारवेल, पवना यांसारखी गवते चांगली. कुसळी गवत कुसळे धरल्यावर घेऊ नये. ती सशाच्या हिरडीत आणि डोळ्यात रुततात. पेंढी सोडून पाहावी. आत घाणेरी, धोतरा यांच्या डहाळ्या असतील तर वेचून काढाव्यात. स्ट्रॉबेरीच्या किंवा भाजीच्या रानाच्या बांधावरचे गवत, जेथे औषध फवारले जाते, ते मुळीच घेऊ नये. लसूणघास सकस खरा, पण त्यात चुना जास्त. वाढत्या पिलांना तो चालतो. मोठ्या सशाला रोज घातला, तर लघवीत खर धरते.

गवताचा स्वभाव असा, की त्याला श्वास घ्यायला जागा लागते. ते कधीही हवाबंद करू नये. आम्ही माळ्यावर विटांचे थर लावून त्यावर बांबूची तट्टी टाकली, म्हणजे खालून वीतभर वारा खेळला. भिंतीपासूनही वीतभर जागा सोडली, कारण जांभ्याची भिंत पावसात ओली असते. गवत गोणपाटाच्या पोत्यांत सैल भरले, दाबले नाही. पोती एकावर एक न रचता शेजारी-शेजारी उभी केली. स्वयंपाकघराच्या वर माळा असेल, तर भाताची वाफ सरळ गवतात जाते, म्हणून ती जागा टाळली. चूल, गॅस आणि विजेचा बोर्ड यांपासून गवत दूर ठेवले. वाळले गवत म्हणजे आग, हे विसरू नये.

भरण्याआधी गवत खरेच वाळले आहे का, हे पाहायला हवे. ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या आत हवा. वीस टक्क्यांच्या वर गेला की गवत आतून तापते आणि बुरशी धरते. कच्च्या गवताच्या मोठ्या गंजी अशाच आतून तापून पेटतात. घरच्या घरी ढोबळ चाचणी सोपी आहे. मूठभर मीठ तव्यावर भाजून गार करावे. कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश गवताचे बारीक तुकडे घालून त्यावर दोन-तीन चमचे ते मीठ टाकावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ मोकळे राहिले तर गवत भरायला योग्य. मिठाचे खडे झाले, ते काचेला चिकटले, तर आणखी वाळवावे. ही चाचणी मी धान्याच्या बाबतीत शेकडो शेतकऱ्यांना दाखवली आहे. सशाच्या गवताला ती लावायचे मला सुचले नव्हते, एवढेच.

वाळवतानाही दिवसच्या दिवस कडक उन्हात ठेवू नये, गवताचा रंग आणि कस उडतो. एक ऊन द्यावे, मग सावलीत वाऱ्यावर पसरावे. आणि वळवाचा भरवसा धरू नये. आभाळ भरले की आधी गवत आत घ्यावे.

दुसरी वस्तू खाद्य. गोळीखाद्य, गव्हाचा कोंडा यांचा स्वभाव गवताच्या उलट. ही वस्तू मुळात कोरडी असते आणि बाहेरचा दमटपणा ओढून घेते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मूळ पिशवीसकट ठेवावी. डबा जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावा. दोन किलोच्या सशाला दिवसाला २५-३० ग्रॅम गोळीखाद्य पुरे, म्हणजे महिन्याला किलोभरही लागत नाही. तेव्हा स्वस्त पडते म्हणून साताऱ्याहून किंवा पुण्याहून मोठे पोते आणू नये. सहा आठवड्यांत संपेल एवढेच आणावे. जुन्यावर नवे ओतू नये. तळाशी राहिलेला जुना चुरा नव्यालाही नासवतो. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात किंवा गरम तव्याजवळ कोरडा करून मगच पुन्हा भरावा. काढताना ओला हात घालू नये, कोरडी वाटी डब्यातच ठेवावी.

गुरांचे पशुखाद्य किंवा कोंबड्यांचे खाद्य सशाला घालू नये. गुरांच्या काही खाद्यांत युरिया असतो. तो रवंथ करणाऱ्या जनावरालाच मानवतो. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरची जी औषधे घातलेली असतात, त्यांतली काही घोड्याला आणि सशाला घातक आहेत. येथेही पुन्हा घोडा आणि ससा एका रांगेत बसतात. शेंगपेंड तर दमट हवेत ठेवूच नये, बुरशीचे पहिले माहेर ते. आणि पाचगणीची गाजरे? ती सशाला गोड खाऊ म्हणून बोटभर द्यावीत. ती त्याची भाकरी नव्हे. गाजराची हिरवी पाने मात्र धुऊन, निथळून, कोरडी करून खुशाल द्यावीत.

तिसरी वस्तू बिछायत. सशाच्या खोक्यात अंथरायला आपल्याकडे भाताची पिंजर, लाकडाचा भुसा, फाडलेले वर्तमानपत्र असे काही ना काही मिळते. बिछायतीचे कामच ओल पिण्याचे, म्हणून ती साठवणीतही ओल पिते आणि वास धरते. हे लक्षात घेऊन तिची जागा गवत आणि खाद्यापासून वेगळी असावी. आम्ही मागच्या पडवीत झाकणाचे प्लॅस्टिकचे पिंप ठेवले. सुताराकडून भुसा घेताना तो कशाचा आहे हे विचारावे. प्लायवूडचा, रंग किंवा औषध लावलेल्या लाकडाचा भुसा नको, कारण त्यात डिंक आणि रसायने असतात. देवदार, चीड यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाचाही नको. पिठासारखा बारीक भुसा सशाच्या नाकात जातो. रंध्याची पातळ सालपटे उत्तम. पिंजर घ्यायची तर तिलाही गवताचाच नियम लावावा, कारण ससा बिछायतही खातो. कुबट पिंजर अंथरणे म्हणजे कुबट गवत खाऊ घालणेच आहे.

पावसाळ्यात ओली बिछायत रोज काढावी. सशाच्या लघवीतून अमोनिया वायू सुटतो. उभ्याने आपल्याला त्याचा वास येत नाही. गुडघे टेकून सशाच्या नाकाच्या उंचीवर आपले नाक न्यावे, म्हणजे कळते. डोळे चुरचुरले तर ससा रात्रभर काय सोसतो हे सांगायला नको. ओल्यावर बसून सशाच्या मागच्या पायांना जखमा होतात आणि घाणीवर माश्या बसून अंगात अळ्याही पडतात. काढलेली बिछायत आणि लेंड्या बागेच्या टोकाला खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. नीट कुजल्यावर ते खत भाजीच्या वाफ्याला, स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्याला चांगले. कच्चे मात्र फळाजवळ घालू नये.

थोडक्यात वहिनींनी या सगळ्याचे एक वाक्य करून माळ्याच्या दारावर खडूने लिहिले : खाद्य बंद, गवत मोकळे, बिछायत वेगळी. माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा ते वाक्य मला अधिक पटले.

पावसाळा चालू असताना

एकदा भरून ठेवले की काम संपले असे नाही. दर आठवड्याला एकदा, शक्यतो रविवारी, मुलांकडून हे करून घ्यावे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा. कोमट किंवा गार-ओलसर लागले, तर ते पोते बाहेर काढावे. मूठभर गवत हुंगावे. चांगल्या गवताला वाळल्या चहासारखा गोडसर वास येतो, बिघडलेल्याला बंद पेटीचा. उजेडाकडे धरून झटकावे, भुकटी उडाली तर ते टाकून द्यावे. भुकटी उडवताना आपल्या नाकाला फडके बांधावे.

दर वेळी माळ्याचे दार उघडझाप न करता आठवड्यापुरते गवत टोपलीत खाली काढावे. पोत्यांवर भरल्याची तारीख लिहावी, आधी भरलेले आधी वापरावे. सकाळी धुके घरात शिरते तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात. दुपारी उघडीप मिळाली, तर तासभर उघडाव्यात. उंदरांसाठी औषध ठेवायचे झाले, तर वैरणीच्या आसपास कधीही नको. पिंजरा लावावा. उंदराने मुतलेले गवतही टाकूनच द्यावे.

पावसात बाहेर हिरवे गवत मुबलक दिसते. भिजलेले, ढीग करून ठेवलेले गवत काही तासांतच तापते आणि सशाचे पोट फुगवते. हिरवे द्यायचेच तर थोडे, पाणी झटकून, पसरून, कोमेजवून.

आणि शेवटची सूचना. ससा अर्धा दिवस काही खात नसेल, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, पाठ वाकवून कोपऱ्यात बसला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकांना गाठा. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात दरड आली की वाट तासन्‌तास अडते. डोंगरावरच्या घराला हे आधीच धरून चालावे लागते. पशुवैद्यकांचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

जाता जाता हेही सांगतो. रानात सापडलेले सशाचे पिलू घरी आणू नका. आपल्या रानातला ससा हा पाळीव सशाहून वेगळा प्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. आणि ते पिलू बहुधा जगतही नाही.

पुन्हा श्रावण

त्या वर्षी श्रावणात मी पुन्हा पाचगणीला गेलो. घाटात दहा हातांपुढचे दिसत नव्हते. सिल्व्हर ओकच्या पानांवरून पाणी टपटपत होते, दुकानांची निम्मी दारे बंद होती आणि टेबललँड ढगात हरवले होते. शिक्षकांच्या घरी पोचलो तेव्हा माझी छत्री, पिशवी, कागदपत्रे सगळे सादळलेले होते.

मुलीने मला आधी चहा घेऊ दिला नाही. हाताला धरून माळ्याच्या शिडीशी नेले. दार उघडले, तसा आतून दिवाळीतल्या डोंगराचा, वाळल्या गवताचा वास आला. बाहेर झड लागली होती आणि आत एक कोरडा कार्तिक महिना पोत्यांत उभा होता. तिने बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातला, मूठभर गवत काढले, हुंगले आणि माझ्या नाकापुढे धरले.

"बघा काका, चांगलं आहे ना?"

मी हुंगले. म्हणालो, "चांगलं आहे बाळ."

खाली खोक्यात वाचलेला ससा आणि त्याच्या सोबतीला आणलेला नवा करडा ससा काडी काडी ओढून खात होते. कुरकुर असा बारीक आवाज येत होता. मागच्या वर्षीच्या तिच्या प्रश्नाला मी त्या वेळी नुसते "हो" म्हणालो होतो. पुरे उत्तर द्यायला मला एक वर्ष लागले. तुम्हाला तेवढे लागू नये.

तेव्हा वाचकहो, येत्या अक्षय्य तृतीयेला घरच्या धान्याला ऊन द्याल, तेव्हा सशाच्या पोत्यांचीही आठवण ठेवा. घर पाचगणीला असो, कोकणात असो की पाटणच्या खोऱ्यात, पाऊस सगळीकडे सारखाच आत शिरतो. मुलांना हाताशी घ्या. मिठाची चाचणी त्यांच्याकडूनच करून घ्या. मुक्या जनावराला आपली वैरण हुंगून परत करता येते, पण दुसरी आणता येत नाही. ती आपणच भरून ठेवायची असते.